चावी पाटावर होती

पवनेच्या काठावर, आमच्या घाटाच्या आसपास, एक शब्दप्रयोग परवापरवापर्यंत चालायचा. 'खलाशी करणे.' जलपर्णी काढणाऱ्या बोटीवरची मंडळी तो रोज वापरायची. जनरेटर चालू करायच्या आधी एक जण ओरडायचा, "खलाशी केला नाही ना रे?" दुसरा वाकून पाहायचा, "नाही" म्हणायचा आणि मग बटण दाबलं जायचं. जनरेटर थंड ठेवायला नदीचं पाणी एका व्हॉल्व्हमधून आत घ्यावं लागतं. तो व्हॉल्व्ह उघडायला विसरणं म्हणजे खलाशी करणं.

हा खलाशी खरा माणूस आहे. मी त्याच्याबरोबर काम केलं आहे. व्हॉल्व्ह बंद ठेवून त्याने कधीही जनरेटर चालू केला नाही. ते मी केलं होतं.

माझे गुडघे गेले आहेत, पण हात चालतो आणि डोकं ठिकाणावर आहे, तेव्हा हे आता लिहून टाकणार आहे. नुसती माझी चूक लिहिली तर तो माणूस पुन्हा त्या एका सकाळपुरताच उरेल. म्हणून आधी तो.

पिंपरीतल्या एका कंपनीत मी स्टोअर्सला होतो. निवृत्त झाल्यावर ओळखीच्या एका ठेकेदाराने मला जलपर्णीच्या कामावर देखरेखीला घेतलं. त्याला सगळे मालक म्हणत, मला तात्या. बोट चिखलीच्या एका वर्कशॉपमध्ये बनली होती. तिथल्या लोकांनी तोवर खिडक्यांच्या ग्रिल आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवल्या होत्या, आणि बोटीकडे पाहिलं की ते कळायचं. बसकी, लोखंडी, चौकोनी. पुढे जलपर्णी उचलणारा पट्टा, मागे पत्र्याच्या खोक्यात जनरेटर. पट्टा, पंप, बोट पुढे ढकलणाऱ्या मोटारी, सगळं त्या जनरेटरच्या विजेवर. तो बंद पडला की आम्ही नदीच्या मधोमध जलपर्णीत रुतून बसायचो आणि काठावरची माणसं फोटो काढायची.

जनरेटरसाठी माणूस हवा होता. तो आला तो खांद्यावर पिशवी आणि पिशवीत सुकट घेऊन. बोटीभोवती एक चक्कर मारली, खोकं उघडून आत डोकावला आणि मला म्हणाला, "तात्या, ही बोट हाय की पिठाची गिरणी?"

मालकाला राग आला, पण दुसरा कोणी मिळत नव्हता.

तो रत्नागिरीकडचा. तरुणपणी मालवाहू लाँचवर इंजिनाच्या खोलीत होतो असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं आणि त्याचं नाव खलाशी पडलं. वादळं, बंदरं, बोटीला घासून गेलेले मासे, यांच्या गोष्टी तो जेवताना सांगायचा आणि त्यातला मासा दर वेळी थोडा वाढायचा. खरी गोष्ट पुष्कळ दिवसांनी बाहेर आली. त्याला बोट लागायची. प्रत्येक फेरीत तो बादली घेऊन पडलेला असायचा. शेवटी तांडेलाने, लाँचच्या कप्तानाने, त्याला धक्क्यावर उतरवलं आणि परत येऊ नकोस म्हणून सांगितलं. "समुद्रानं मला परत पाठवला," असं तो म्हणायचा, जणू समुद्राने विचारपूर्वक अर्ज फेटाळला होता. मग तो पिंपरीला आला आणि भारनियमनाच्या सगळ्या वर्षांत एका कंपनीचे जनरेटर चालवले. ती कंपनी बंद पडली तेव्हा तो पुन्हा पाण्यावर आला, पण नदीवर. पवनेला लाटा नाहीत, यावर तो बेहद्द खूश होता.

जनरेटरने त्याचा डावा कान घेतला होता. तो म्हणायचा, घेतला नाही, मी दिला. कामावर डावी बाजू मशीनकडे आणि उजवी माणसांकडे, असाच तो उभा राहायचा. ज्याच्याशी बोलायचं नसेल त्याच्याकडेही तो डावी बाजू करायचा. मालक हिशोब विचारायला आले की हमखास.

बोटीवरच्या जनरेटरमध्ये आत आलेलं पाणी इंजिन थंड करतं आणि धुरासोबत मागच्या रबरी नळीतून बाहेर पडतं. सलग नाही, गचके देत. खलाशी त्याला थुंकणं म्हणायचा. चावी फिरवली की तो काट्यांकडे बघत नसे. आधी कठड्यावरून वाकून मागची नळी बघायची. पाण्याचा पहिला गचका बाहेर आला की सरळ उभं राहायचं आणि म्हणायचं, "थुंकलं." त्यानंतरच दिवस सुरू. बोटीवर दुसऱ्या कोणी थुंकलेलं त्याला चालत नसे. आमच्याकडे गुटखा खाणारे पुष्कळ. त्यांना तो सांगायचा, "इथं थुंकायचा मान एकालाच."

पाणी आत येताना एका जाळीतून येतं. पवनेचं पाणी, त्यामुळे जाळी सारखी तुंबायची. मुळं, दुधाच्या पिशव्या, पुड्या. तो व्हॉल्व्ह बंद करायचा, जाळी काढायचा आणि जे निघेल ते कठड्यावर ओळीने मांडायचा. त्याचं तिथे एक प्रदर्शनच असायचं. बाहुलीचा पाय, लग्नपत्रिका, चष्म्याची काडी. एकदा पट्ट्यावरून कवळी आली. पूर्ण, वरची. आम्ही हसलो. त्याने ती साबणाने धुतली, उकळत्या पाण्यातून काढली आणि घाटावर पुठ्ठा लावला: 'कवळी सापडली आहे. ओळख पटवून न्यावी.' आणि खरंच एक गृहस्थ आले. सगळ्यांसमोर त्यांनी ती बसवून पाहिली. बसली नाही. "माझी नाही," म्हणाले, पण बराच वेळ हातात धरून उभे होते. ते गेल्यावर खलाशी म्हणाला, "बसली असती तर नेली असती लेकानं, कोणाची का असेना."

तो नेहमी बरोबर असायचा असं मी मुळीच म्हणणार नाही. एकदा त्याला जनरेटरमध्ये बारीक खडखड ऐकू आली. सकाळभर बोट उभी ठेवून त्याने पंप सुटा केला, पुसला, पुन्हा जोडला. खडखड तशीच. मग माझ्या लक्षात आलं, खोक्यावर ठेवलेल्या माझ्या डब्याचं झाकण हलत होतं. मी डबा उचलला, आवाज थांबला. खलाशी माझ्याकडे न बघता म्हणाला, "डबा नीट लावत जा. मशीनला सवय लागते." चूक झाली, हे शब्द त्याच्या तोंडातून मी कधीच ऐकले नाहीत. डिझेल तो स्वतःच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचा आणि गाळताना कोणी शीळ घातली तर ते डिझेल अपशकुनी म्हणून पुन्हा गाळायचा.

पण एक गोष्ट त्याची पक्की होती. काम संपलं की जनरेटर बंद, मग व्हॉल्व्ह बंद, आणि जनरेटरची चावी त्या व्हॉल्व्हच्या दांड्यावर टांगलेली. लाल नायलॉनच्या दोरीत. चावी ठेवायला भिंतीवर चांगला खिळा होता, मी स्वतः ठोकलेला. तो वापरत नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "चावी घ्यायला हात व्हॉल्व्हपर्यंत जातो. तिथवर गेला की उघडतोच. डोक्याला काम देऊ नका तात्या, हाताला द्या." मला ते चक्रमपणाचं वाटायचं. चावी काढायला दर वेळी गुडघ्यावर बसावं लागे.

आता ती गोष्ट.

आमच्या या पट्ट्यात खंडेनवमी म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. भोसरीपासून चाकणपर्यंत लेथ, प्रेस, कॉम्प्रेसर, क्रेन, रिक्षा, सगळ्यांना झेंडूचे हार. मशीन बंद, हत्यारं पाटावर, हळदकुंकू, नारळ. आणि एकदा मांडलेली हत्यारं दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायची नाहीत. नोकरीभर आमच्या स्टोअर्सची पूजा मीच मांडली होती. बोटीवरही मीच मांडायला घेतली.

खलाशीला हे पसंत नव्हतं. देवाला त्याची ना नव्हती, हाराला होती. "गरम नळीवर फुलं शिजतात. दोन दिवस वास जात नाय." त्याने दुपारी व्हॉल्व्ह बंद केला, चावी टांगली आणि सुट्टी म्हणून रहाटणीला घरी निघाला. जाताना माझ्याकडे उजवी बाजू करून म्हणाला, "बाकी कशाचीही पूजा करा. चावीला हात लावू नका."

मी पाट मांडला. पाने, पक्कड, जुनी जाळी, तेलाची बुधली. आणि मग मला चैन पडेना. ज्या वस्तूने सगळं सुरू होतं तीच पाटावर नाही, ही कसली पूजा? मी गुडघ्यावर बसलो, चावी काढली, पाटाच्या मधोमध ठेवली, तिला कुंकू लावलं. जनरेटरलाही हार घातला. मांडलेलं उचलायचं नाही, म्हणून चावी रात्रभर तिथेच राहिली.

दसऱ्याला सकाळी मालक लवकर आले. सोबत त्यांची आई. हातात आपट्याची पानं. खलाशी यायचा होता. मालक म्हणाले, "तात्या, आईला जरा नदीतून फिरवू या. करा की चालू."

मला तोवर कोणी असं म्हटलं नव्हतं. मी पाटाला नमस्कार केला, चावी उचलली, लावली, फिरवली. जनरेटर एका दमात लागला. म्हातारीने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. मी वाकून मागे बघितलं नाही. चावी हातात आली होती, पण व्हॉल्व्हवरून नाही, पाटावरून. हात तिथवर गेलाच नव्हता.

काठापासून थोडं आत गेलो आणि वास आला. आणि इथे मी जे केलं ते लिहायला सगळ्यात अवघड जातं. मला वाटलं, फुलं शिजत आहेत. खलाशी म्हणाला होता ना, वास येतो. मी मालकांना हसत सांगितलंसुद्धा, की हाराचा वास आहे, जाईल. जळत होती ती रबरी नळी. इंजिनाचा काटा वर चढायच्या आधी ती जळते, हे मला कुठे ठाऊक. मग खोक्यातून काळा धूर आला आणि म्हातारी खोकायला लागली. मी धुरात हात घालून चावी शोधत होतो आणि मला ती सापडत नव्हती.

खलाशी त्याच वेळी घाटावर पोचला होता. "थुंकत नाय, बंद कर," असं तो ओरडत होता, ते नंतर काठावरच्यांनी सांगितलं. आम्हाला काही ऐकू आलं नाही. तो कपड्यांसकट जलपर्णीत शिरला, छातीभर पाण्यातून आला, वर चढला, खोकं उघडलं आणि आत हात घालून मशीन बंद केलं. बाहेर काढला तेव्हा उजव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत सुटली होती.

मालकांनी वाकून व्हॉल्व्ह पाहिला. त्यांनी विचारलं, व्हॉल्व्ह बंद कसा?

"बंदच असतो," खलाशी म्हणाला. "चावी त्याच्यावर असते. चावी कोणी काढली?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "चावी पाटावर होती."

हे वाक्य मी कितीतरी वेळा उलटसुलट करून पाहिलं आहे. त्यात एकही शब्द खोटा नाही. चावी पाटावरच होती. फक्त त्या वाक्यात माणूस नाही. ती तिथे आपोआप गेल्यासारखी. आणि जिथे माणूस नसतो तिथे ऐकणारा स्वतःच एक बसवतो. मालकांनी खलाशीला बसवलं. जनरेटर त्याचा, चावी त्याची, विसरणाराही तोच.

"पाटावर कशी आली, तात्या?" खलाशीने विचारलं.

मी जळलेला हार सरळ करत होतो. म्हणालो, "पूजेला सगळंच पाटावर असतं."

मालक खलाशीला म्हणाले, पुरे. उद्यापासून येऊ नका. खलाशीने माझ्याकडे पाहिलं. मग तो वळला आणि आमच्याकडे डावा कान करून उभा राहिला. मालक आणखी पुष्कळ बोलले. त्यातलं त्याने काही ऐकलं नसणार.

पुढे त्याला निघोज्याच्या एका कंपनीत काम लागलं, जनरेटरवरच. इथली बातमी तिथे पोचली आणि त्याला बागेला पाणी घालायला लावलं. हे मला कळलं होतं. मी स्वतःला सांगितलं, बागेचं काम हलकं असतं.

मग मी काम सोडलं, वर्षं गेली. अलीकडे मी सकाळी घाटावर जाऊन बसतो. नवी बोट आली आहे. ती अश्विनी नावाची मुलगी चालवते, लातूरकडची, आयटीआय झालेली, आवाज असा की पलीकडच्या काठावरचा माणूस वळून बघेल. तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, "खलाशी केला नाही ना रे?" मी विचारलं, म्हणजे काय ग? ती म्हणाली, "पूर्वी एक खलाशी होता की इथं. दारू पिऊन व्हॉल्व्ह बंद ठेवला अन् बोट पेटवली म्हणे."

दारू. त्याने कधी सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती. ती दारू मी घातली नव्हती, कोणीतरी वाटेत घातली. पण जागा मी करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी मालकांच्या ऑफिसात गेलो आणि बसायच्या आधी सगळं सांगितलं. ते म्हणाले, जाऊ द्या तात्या, जुनं झालं. मी म्हणालो, झालं नाही, रोज सकाळी ओरडतात. तिथून रहाटणीला गेलो. खलाशी मुलीकडे राहतो. दार तिनेच उघडलं. मी नाव सांगितल्यावर ती बाजूला झाली. मी त्याच्या शेजारी बसून बोलायला सुरुवात केली तर त्याने हाताने थांबवलं.

"त्या बाजूला मशीन बसायचं. इकडे ये."

तो मला नेहमी अहो-जाहो करायचा. मी उठून उजवीकडे बसलो.

"चावी मी काढली होती," मी म्हणालो.

"ठाऊक हाय. चावीच्या खाचेत कुंकू होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"विचारलं होतं की मी. दोनदा."

त्याच्या हातावरची कातडी अजून चकचकीत आहे, तिकडे बघत बसलो. माफी मागायला लागलो तर त्याला ते ऐकायचं नव्हतं. "मला काय सांगतोस? मी तिथंच होतो. जिथं बोललास तिथं जाऊन सांग."

चहा ठेवताना त्याची मुलगी म्हणाली, "निघोज्याला बाबांना जनरेटरच्या खोलीचं दार उघडू दिलं नाही शेवटपर्यंत. तिथे कोण सांगणार आहे?" तिला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. हे लिहिणं हे ते उत्तर. त्या कंपनीतल्या कोणी हे वाचलं, तर त्याने बाकीच्यांना सांगावं.

खलाशीला घेऊन मी रिक्षाने घाटावर आलो. बोट काठाला होती. बोटीवरच्यांनी आम्हा दोन म्हाताऱ्यांना धरून वर घेतलं. मी सगळ्यांना सांगितलं, चावी कोणी काढली, पाटावर कोणी ठेवली, मशीन कोणी चालू केलं. या वेळी प्रत्येक वाक्यात 'मी' घातला. अश्विनी हात पुसत ऐकत होती. शेवटी मी म्हणालो, तो शब्द आजपासून बंद करा.

"तसं नाही जमायचं, तात्या," ती म्हणाली. "चावी राहिलीय कुठं आता? बटण हाय. तो शब्द ओरडला की व्हॉल्व्ह ध्यानात येतो. शब्द बंद केला तर एखाद्या दिवशी खरंच पेटंल."

खलाशी जनरेटरच्या खोक्यात डोकं घालून ते बटण बघत होता. "बटण टांगायचं कशावर?" त्याने विचारलं. मग म्हणाला, "पोरीचं बरोबर हाय. ओरडू दे."

नदीवर जलपर्णी हलत होती. माझ्या मनात आलं ते मी लगेच बोललो, कारण थांबलो असतो तर बोललो नसतो.

"शब्द ठेवा. नाव बदला. माझं घाला."

एक-दोन जण हसले. अश्विनी म्हणाली, "वाईट दिसतंय की ओ. रोज सकाळी तुम्ही इथं बसणार अन् आम्ही..."

"बसेन. ओरडा."

तिने खलाशीकडे पाहिलं. तो पुन्हा खोक्यात बघत होता. मग तिने खांदे उडवले, बटणाजवळ गेली आणि नेहमीच्या आवाजात ओरडली, "तात्या केला नाही ना रे?"

खालून उत्तर आलं, "नाही." ती खलाशीच्या डाव्या बाजूला उभी होती. त्याने माझ्याकडे मान वळवली.

"काय म्हणाली?"

मी त्याच्या उजव्या कानाशी वाकून सांगितलं.

"मोठ्यानं सांग."

जनरेटर लागला होता. मी छातीत हवा भरून सांगितलं. व्हॉल्व्ह विसरणं म्हणजे तात्या करणं, आजपासून असंच म्हणायचं. घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी वर पाहिलं. खलाशी माझ्या खांद्याला धरून कठड्यावरून वाकला होता. मागच्या नळीतून धूर आला, मग नुसता आवाज, आणि मग पाण्याचा पहिला गचका बाहेर पडला.

तो सरळ झाला.

"थुंकलं," तो म्हणाला.